खांद्यावरचा हात

४ फेब्रुवारी

वहिनी,

आधी 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, मग तो कागद फाडून टाकला. इतक्या वर्षांनी एकदम सप्रेम म्हटलं तर तुम्हाला हसूच येईल. तेव्हा नुसता नमस्कार घ्या. पत्ता चिमणीच्या पाकिटावरून उतरवला. ती आजीच्या वाढदिवसाला न चुकता कार्ड पाठवते. तुमचं वळण चांगलं लागलंय तिला, एवढं मान्य करायलाच हवं.

पत्र पाहून दचकू नका. कुणी गेलेलं नाही. आई आहे, दादा आहे, मी आहे आणि माझं शिवणाचं दुकानही आहे. फोन केला असता, पण फोनवर माझं काय होतं ते तुम्ही जाणता. चौथ्या वाक्याला मी भांडायला उठते. कागदावर निदान खोडता तरी येतं.

काम साधं आहे. आईच्या कपाटात एक जुना काळा-पांढरा फोटो सापडला. गेल्या महिन्यात तिच्या वाढदिवसाला चार माणसं घरी यायची होती, म्हणून तो मोठा करून, चौकटीत घालून तिच्या खोलीत लावला. फोटोत आई आहे, दादा आहे आणि तुमची चिमणी आहे, तेव्हा चारेक वर्षांची असेल. तिघं दगडी पायऱ्यांवर उभी आहेत. बाजूला लोखंडी कठडा, मागे कसलीतरी मोठी इमारत. मागे तारीख नाही, गाव नाही. हा फोटो कधी आणि कुठे काढला, एवढंच हवं आहे.

तुम्ही फोटोत नाही, म्हणजे तुम्हीच काढला असेल. म्हणून तुम्हाला विचारते.

मी त्यात नाही हे सांगायला नकोच. मला त्या वेळी कुणी बरोबर नेलं नव्हतं एवढं उघड दिसतंय. असो, त्याचं आता काही नाही.

हवं आहे ते आईसाठी. तिचं हल्ली विस्मरण फार वाढलंय. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, माझ्या दुकानाला ती मधूनच शाळा म्हणते. पण फोटोसमोर खुर्ची ओढून बसते आणि रोज म्हणते, "इथे मला परत ने." कुठे ते सांगता येत नाही. इथे काहीतरी चांगलं झालं होतं, एवढं मात्र ठामपणे सांगते. डॉक्टर म्हणाले, तिला गाडीत बसवून न्यायचं तर या उन्हाळ्याआधी न्या, पुढचं सांगता येत नाही. म्हणून घाई.

दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

तुमची नणंद

१५ फेब्रुवारी

वहिनी,

दोन ओळी लिहा म्हटलं तर खरोखरच दोन ओळी लिहिल्यात. गणिताच्या बाई त्या गणिताच्याच राहिल्या. "फोटो पाठव, न बघता कसं सांगू. आणि मी तुला कधीपासून तुम्ही झाले?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पहिल्याचं असं आहे की फोटो पाठवता येत नाही. चौकटीच्या मागे खिळे मारलेत, काढायला गेलं तर काच फुटेल. मूळ छोटा फोटो थोडा खराब झालाय. म्हणून मी सगळं शब्दांत लिहिते. मी कपड्यांच्या धंद्यातली आहे, निरखून बघण्यात काही कमी करणार नाही.

दादाच्या शर्टाची कॉलर लांब टोकांची, खाली लोंबणारी. पँट खाली घोळदार. तो मेला त्या काळी स्वतःला नट समजायचा. दोन्ही हात खिशात, पोट आत ओढून धरलंय, कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. आईच्या अंगात लोकरीचं जाकीट आहे, म्हणजे थंडीचे दिवस. आई कॅमेऱ्याकडे बघत नाही. मान कलती करून बाजूला, वर कुठेतरी बघतेय, आणि चेहरा असा की हसतेय की रडतेय ते कळू नये. चिमणीही तिकडेच बघतेय. दोन्ही हातांनी फ्रॉकचा घेर पसरून धरलाय, नाचातल्या मुली धरतात तसा. एखादा पक्षी असेल तिकडे किंवा माकड.

दादाला विचारलं. तो आता दोन गल्ल्या सोडून राहतो, त्याच्या हल्लीच्या बायकोबरोबर. रविवारी आईला भेटायला येतो आणि पेपर वाचून जातो. त्याला फोटोसमोर उभं केलं आणि विचारलं, कुठली सहल रे ही? त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुला आठवत नाही?" बस. चपला घालून निघून गेला. मी त्या सहलीला नव्हतेच तर मला काय डोंबल आठवणार? त्याची टोमणे मारायची सवय काही जात नाही.

मग आईला मीच थापा मारायला लागले. एक दिवस सांगितलं, हे धरणावरचं विश्रामगृह आहे. दुसऱ्या दिवशी सांगितलं, जुनी बाग. तिला जेवलेलं आठवत नाही, पण म्हणाली, "काल धरण म्हणालीस." मी खजील झाले. ती फार विचित्र ठिकाणी शाबूत आहे. परवा बोट ठेवून विचारते, हा हात कुणाचा? मी म्हटलं, दादाचा. तर म्हणते, त्याचे दोन्ही हात खिशात आहेत.

तर कळवा. कॉलरीवरून आणि जाकिटावरून काही लक्षात येतं का ते बघा.

तुमची नणंद

२६ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र दुपारी आलं. गिऱ्हाईक समोर होतं, मी तिच्या कमरेचं माप घेत होते. पाकीट उघडून वाचलं आणि तिचं माप पुन्हा पहिल्यापासून घेतलं. तुम्ही लिहिलंय, "दादाचे हात खिशात, तर आईच्या खांद्यावर हात कुणाचा? मनगटावर घड्याळ आहे का ते बघ, आणि तबकडी कुठल्या बाजूला आहे तेही लिही."

घड्याळ आहे. तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला आहे. फळ्यावर लिहिताना वेळ दिसावी म्हणून तुम्ही घालत होता तसं.

गेल्या पत्रात आईचं ते हाताबद्दलचं वाक्य ओघात लिहून गेले. पाकीट चिकटवल्यावर लक्षात आलं. पाकीट फोडता आलं असतं, नाही फोडलं. मला पकडलं जायचं होतं का, ते मला माहीत नाही. पण आता सारवासारव करणार नाही.

तुम्ही फोटोत होता. आईच्या शेजारी, अगदी कडेला. मी तुम्हाला कापलं.

तुम्हाला वाटेल दादाने सांगितलं असेल. नाही. त्याच्या बायकोने? तिला फोटो आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. तिच्या माहेरची माणसं वाढदिवसाला यायची होती, त्यांनी भिंतीवर तुम्हाला बघितलं तर उगाच कानकोंडं व्हायला होईल, असं मीच मनाशी म्हटलं. कुणी न सांगता, कुणी न विचारता. घरात शहाणी मीच ना. फोटोवाल्याकडे नेऊन "हिला यातून काढा" असं परक्या माणसाला सांगायची मला लाज वाटली. घरी कापायची नाही वाटली. दुकानात टेबलावर फोटो ठेवला, पट्टी लावली आणि कापड बेतायच्या कात्रीने उभा काप दिला. हात जराही थरथरला नाही हे तुम्हाला सांगायलाच हवं. उलट काप सरळ आला म्हणून बरं वाटलं.

तुमचा हात आईच्या खांद्यावर होता. तो काढायचा तर आईचा खांदा जात होता. मी मनगटाच्या मागून कापलं. फोटोवाल्याने मोठा करताना विचारलं, हा हात पुसू का, पण मग खांद्याला झोळ येईल. मी म्हटलं, राहू द्या, कोण बघतंय.

सगळ्यांनी बघितला. वाढदिवसाला आलेली माणसं फोटोसमोर उभी राहिली आणि त्यातला एकजण हसत म्हणाला, हात आहे, माणूस कुठाय? सगळे हसले. तेव्हा दादा चमचा खाली ठेवून अंगणात गेला. त्याची बायको मान खाली घालून बसली. ती बाई बिचारी वाईट नाही, तिच्यापासून काय लपवायचं होतं मला? आणि आई खुर्चीतून फोटोकडे बघत होती आणि स्वतःच्या खांद्यावरून हात फिरवत होती, तिथे काही आहे का ते बघावं तशी. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

वर पहिल्याच पत्रात तुम्हाला लिहिलं की फोटो तुम्हीच काढला असेल. शाईने लिहिलं. आणि तुमच्याकडेच मदत मागितली.

कापलेली पट्टी पाठवावी तर ती नाही. ती टेबलावरून चिंध्यांच्या टोपलीत गेली. चिंध्या मी उशांमध्ये भरते. त्या दिवसांत चार-पाच उशा भरल्या, वाटल्यासुद्धा. तुम्ही कुणाच्या डोक्याखाली आहात ते मला ठाऊक नाही.

तुम्ही 'तू' म्हणायला सांगितलंत. आज तेवढं तोंड नाही, म्हणून तुम्हीच म्हणते. उत्तर दिलं नाहीत तरी मी समजेन. आईसाठी मात्र जागेचं नाव कळवा. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नका एवढंच मागते.

नणंद

९ मार्च

वहिनी,

उत्तर आलं नाही. ठीकच आहे. मी तरीही लिहिते आहे, कारण मला काहीतरी सापडलंय आणि ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

काल दुपारी काम नव्हतं. आई झोपली होती. सुईत दोरा ओवायला मी भिंग वापरते, ते घेऊन फोटोसमोर स्टुलावर चढले. इमारत बघायची होती, पण माझी नजर कपड्यावर जाते, त्याला इलाज नाही. चिमणीचा फ्रॉक बघत बसले. गडद कापड, त्यावर बारीक ठिपके, गळ्याला गोल पट्टी. बघते तर फ्रॉक माझाच. म्हणजे मी शिवलेला. मग तिने घेर पसरलाय तिथे खाली बघितलं. दुमडीवर पांढरा धावदोरा. गडद कापडावर पांढरा, आणि टाके असे की एक सशाची उडी तर दुसरा बेडकाची.

मी स्टुलावरून खाली उतरले आणि बोटांवर दिवस मोजायला लागले.

तो फ्रॉक मी चिमणीच्या वाढदिवसासाठी शिवायला घेतला होता. बाह्या लागल्या, गळा झाला, खालची दुमड राहिली, आणि मला ताप भरला. मग संसर्गाच्या तापाचा तो दवाखाना. किती आठवडे गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. घरी आले तेव्हा अंगात त्राण नव्हतं, तरी पहिल्यांदा मशीन बघितलं आणि शेजारी तो फ्रॉक. दुमडीवर पांढरा धावदोरा. मी ओरडले होते, हा घोळ कुणी घातला? तुम्ही स्वयंपाकघरातून म्हणालात, मी घातला, तुझ्यासारखं येतं कुठे मला. मी त्याच दिवशी तो दोरा ओढून काढला आणि मशीनवर टीप मारली. तुमच्यासमोर. दोरा उसवताना तुम्ही बघत होता ते मला आत्ता आठवतंय.

म्हणजे आजारी पडण्याआधी दुमडच नव्हती, आणि घरी आल्यावर पांढरा दोरा राहिला नाही. हा फोटो मधला आहे. मी दवाखान्यात होते तेव्हाचा.

आता मला सांगा, घरातली पोर दवाखान्यात पडलेली असताना तुम्ही सगळे सहलीला गेला असाल का? आधीची मी असते तर हो म्हटलं असतं. तीस वर्षं मी हेच धरून बसलेय की मी त्या वॉर्डात एकटी होते आणि माझं कुणी आलं नाही. शेजारच्या खाटेवरचीचंही कुणी यायचं नाही, पण तिचं मला काय. मला आठवतं ते छत, पंख्याचं एक वाकडं पातं आणि औषधाची कडू चव. माणूस एकही आठवत नाही. तुम्ही घर सोडून गेलात तेव्हा दादाची बाजू घेताना मनात तेच होतं. कधी बोलले नाही, पण होतं. म्हणून तर निरोप घ्यायला आलात तेव्हा मशीन थांबवलं नाही. आणि कात्री चालवताना हात थरथरला नाही तो त्यामुळेच, हे आता कळतंय.

संसर्गाच्या वॉर्डात नातेवाइकांना सोडत नाहीत, ही गोष्ट मला कालपर्यंत सुचली नव्हती. कुणाही परक्या बाईला सुचली असती. मलाच नाही.

वहिनी, त्या पायऱ्या दवाखान्याच्या आहेत का? हो किंवा नाही एवढंच लिहा. आणि आई बाजूला, वर कुठे बघत होती?

टाचणी

(तुम्ही ठेवलेलं नाव आहे. सारखी टोचते म्हणून. नाही आवडलं तर खोडा.)

२३ मार्च

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. या वेळी दोन ओळी नव्हत्या. चारही पानं मी दुकानाचं दार लावून वाचली, बाहेर गिऱ्हाईक टकटक करत होतं ते परत गेलं.

तू लिहिलंस ते मी पुन्हा लिहून काढते, मला नीट कळलं की नाही ते तुला बघता येईल. वर सोडत नव्हते, म्हणून शाळा सुटल्यावर तू आईला आणि चिमणीला घेऊन रोज दवाखान्याच्या अंगणात यायचीस आणि खिडकीकडे बघत उभी राहायचीस. दादा कामावरून परस्पर यायचा. खिडकीत कुणीच नसायचं. तरी अंधार पडेपर्यंत तुम्ही थांबायचात. मग एका दिवशी नर्सने खाली येऊन सांगितलं की आज ताप उतरलाय, तिला धरून खिडकीपर्यंत आणते. चिमणीने हट्ट धरला होता की आत्याला नवा फ्रॉक दाखवायचा, म्हणून तू सकाळी शाळेला जायच्या आधी दुमड घातलीस, हाताला येईल तशी, मिळेल त्या दोऱ्याने. दुसऱ्या कुठल्या पेशंटचा नवरा कॅमेरा घेऊन आला होता, त्याच्याकडे एकच फोटो शिल्लक होता. तो म्हणाला, हसा. तू म्हणालीस, थांबा, आमचं एक माणूस अजून यायचंय.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

पुढे तू लिहिलंस, "आईचे पाय लटपटत होते म्हणून डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला. उजव्या हाताने मी वर दाखवत होते. तो फोटो माझा नाहीच, टाचणे. माझ्या डोक्याच्या वर बघ. खिडकीत तू आहेस."

मी उशा गोळा करायला निघाले. माझी काय वरात निघाली ती ऐक. औषधवाल्याच्या दुकानात जाऊन म्हटलं, दिलेली उशी परत द्या. तो म्हणाला, काही चुकलं का आमचं? गाण्याच्या बाई तर रडकुंडीला आल्या, त्यांची मान त्या उशीने बरी झाली होती म्हणे. सगळ्यांना सांगत सुटले की आत काहीतरी राहिलंय. काय राहिलंय ते सांगायची हिंमत झाली नाही. सगळ्या उसवल्या. दुकानात चिंध्यांचा डोंगर झाला, आणि पट्टी नाही. मग शेवटी आईच्या पाठीमागची छोटी उशी आठवली. ती वाढदिवसासाठीच केली होती. तिच्या पाठीमागून काढून घेतली तर म्हणाली, काय ग, ही पण नेतेस? उसवली. पट्टी तिथे होती. म्हणजे इतके दिवस आई फोटोकडे तोंड करून बसत होती आणि तू तिच्या पाठीला होतीस.

पट्टीला एक घडी पडली आहे, बाकी धड आहे. तू अगदी कडेला, साडीचा पदर खोचलेला, एक हात मनगटाशी कापलेला. दुसरा हात वर. हात दाखवतोय तिकडे इमारतीचा एक भाग पुढे आलाय, त्यात वरच्या मजल्यावर खिडकी आहे. भिंगातून बघितलं. पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी आहे, एक वेणी पुढे घेतलेली, शेजारी टोपीवाली नर्स. चेहरा टाचणीच्या डोक्याएवढा. मी एक हात काचेला लावला आहे. तुम्ही मला दिसला होतात वहिनी, आणि मला आठवत नाही. कसं आठवत नाही? मला स्वतःची इतकी शरम वाटली की पट्टी टेबलावर ठेवून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

माझ्या हातून काय कापलं गेलं ते आता मला कळलं आहे. माफी मागायला शब्द जुळवत बसले होते, पण ते सगळे शिवून आणल्यासारखे दिसतात. तुझ्या धावदोऱ्यासारखा एखादाही नाही. म्हणून साधंच लिहिते. मी वाईट वागले. आत्ता फोटोच्या बाबतीत, आणि तू गेलीस तेव्हाही. मला माफ कर असं म्हणायला फार उशीर झालाय हे मला कळतं, तरी म्हणते.

दादाला काल सांगितलं. पट्टी त्याच्या हातात दिली. मी म्हटलं, तेव्हाच का नाही बोललास? तो म्हणाला, "तू कापलंस तेव्हा मला वाटलं, तुला माहीत असून कापलंस." त्याला राग आला नव्हता हे जास्त लागलं. मग त्याने स्वतः चौकटीचे खिळे काढले. काच फुटली नाही. फुटेल असं तुला लिहिलं होतं, तीही थापच होती.

परवा मी एकटी जाऊन आले. तो दवाखाना आता दवाखाना नाही, तिथे कसलीशी सरकारी कचेरी आहे, लोक कागद घेऊन रांगेत उभे असतात. पण पायऱ्या त्याच. कठडा तोच, हिरवा रंग दिलाय. मी पट्टी हातात धरून अंगणात मागे मागे सरकत गेले, कठड्याचं टोक आणि खिडकीचा कोपरा फोटोतल्यासारखे जुळेपर्यंत. पहारेकरी म्हणाला, बाई, काय हवंय? मी म्हटलं, उभी राहायची जागा शोधतेय. त्याला वाटलं रांगेची. तर सापडलं, वहिनी. दिवस नेमका कुठला ते तुलाही सांगता आलं नाही, पण माझा ताप उतरला तो दिवस, एवढी तारीख आम्हाला पुरे. फोटोच्या मागे मी तसंच लिहिलं आहे.

चौकटीत मोठ्या फोटोशेजारी मूळ फोटो लावलाय, पट्टी जोडून. फोटोवाला म्हणाला, सांधा पुसून देतो, कळणारसुद्धा नाही. मी नको म्हटलं. कात्रीने मधली एक रेघ खाल्ली आहे, त्यामुळे तुझा हात मनगटाशी जरासा सरकलेला दिसतो. तो तसाच राहू दे. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलं तर मी सांगते, मी कापला होता. आतापर्यंत तिघांना सांगून झालं. सोपं जात नाही.

आज सकाळी आईला समोर बसवलं. तिने आधी मोठ्या फोटोतल्या हातावर बोट ठेवलं, मग छोट्यातल्या हातावर, आणि बोट तसंच सरकवत नेलं तुझ्या चेहऱ्यापर्यंत. म्हणाली, "ही आमची गणितवाली." मला वाटलं आता विचारेल, कुठे असते, का येत नाही. मी उत्तराची तयारी करत होते. पण तिचं बोट तुझ्या हाताबरोबर वर गेलं, खिडकीपाशी थांबलं.

"ती बरी झाली का?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, "झाली, आई."

"मग खाली का येत नाही?"

मी नुसती तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले.

तिला येत्या रविवारी तिथे नेतो आहोत, कचेरी बंद असते आणि अंगण मोकळं असतं. दादा गाडी चालवेल. तो म्हणाला, तू येणार असशील तर तो गाडीतच बसेल, तुला अवघड होणार नाही. तू येच असं मी म्हणणार नाही, तेवढा हक्क मी ठेवलेला नाही. चिमणीला यावंसं वाटलं तर तिलाही सांग.

शाळा सुटायच्या वेळी आम्ही त्या पायऱ्यांवर असू. या वेळी मी खाली उभी असेन.

तुझी,
टाचणी